अवेळी छाटणी

सासूबाईंची बॅग दाराशी तयार होती. चार वाजता मुलगी गाडी घेऊन येणार, मग या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचं सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

कारण एकच. स्वयंपाकघराच्या खिडकीखालची हायड्रेंजियाची तिन्ही झुडपं ऐन थंडीत गुडघ्याएवढी छाटली गेली होती. हायड्रेंजियाला फुलं येतात ती जुन्या फांदीवर. फुलं सरली की लगेच छाटायची. थंडीत कात्री लावली की त्या वर्षी फुलांना मुकलात. तीस वर्षं तुरटीचं पाणी घालून त्यांनी ती फुलं निळीशार राखली होती.

सुनेनं लगेच कबूल केलं होतं.

“मीच कापली, आई. चुकलं माझं.”

“दरवर्षी कानीकपाळी ओरडते. पालथ्या घड्यावर पाणी! कशानं कापलीस?”

“कात्रीनं.”

“माझ्या?”

“हो.”

“आई, खरं म्हणजे...” मुलगा बोलायला लागला.

“तुझा चहा निवतोय,” सून म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं कप उचलला. बायकोच्या ताटाखालचं मांजर, सासूबाईंच्या मनात आलं.

वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. सून गुणाची होती. हल्ली चष्मा, किल्ल्या, काही सापडेना झालं की तीच शोधून द्यायची. गोळ्यांच्या डबीवर तिनं वारसुद्धा लिहून ठेवले होते. अशा मुलीनं बिचाऱ्या झुडपांवर दात का धरावा?

साडेतीनला त्यांना राहवेना. आपण चाललो, पण झुडपं तरी जगावीत. छाटलेलं टोक उघडं राहिलं की पाणी शिरून फांदी कुजते, म्हणून प्रत्येक टोकावर त्या मेण टाकत. वडिलांची युक्ती होती ती. मुलगा, मुलगी, सून सोडाच, नवऱ्यालाही त्यांनी कधी कळू दिली नव्हती.

त्यांनी कपाटातून मेणबत्ती काढली. अख्खी ठेवली होती, अर्धीच उरली होती. मधे कधी वीज गेली असेल.

“आई, कुठे निघालात?” सून दारात आडवी आली. “बाहेर गारठा आहे. मी बघते झाडांचं.”

“तू बघितलंस तेवढं पुरे झालं.”

“नका ना जाऊ, आई.” तिचे डोळे भरले होते.

आता रडून काय उपयोग? सासूबाई तिला बाजूला सारून बाहेर गेल्या आणि कमरेवर हात ठेवून झुडपांशी वाकल्या. चष्मा सारखा करून त्यांनी पहिली फांदी धरली. टोकावर नखाएवढा, थिजलेला मेणाचा थेंब होता. दुसरीवरही होता. तिसरीवरही. तिन्ही झुडपांत एकाही फांदीचं टोक उघडं नव्हतं.