परक्यांची रेष

बटण तिनेच दाबलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "तुझंच बाळ आहे, तूच निरोप दे." वर हसल्याही. आता यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे!

निरोप छोटासाच होता. संगीत रचायचं त्यांचं सॉफ्टवेअर यापुढे परक्या कॉम्प्युटरवर चालवलं जाणार नाही. शेवटची आवृत्ती आजच्या आज उतरवून घ्यावी, उद्या तीही मिळणार नाही. 'परक्या' हा शब्द अर्थात निरोपात नव्हता, तो ऑफिसातला. कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने हे ऑफिस विकत घेतलं आणि त्या दिवसापासून वाटणीच झाली. नव्या मालकांचे ते 'आपले', त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचे ते 'परके'.

परक्यांसाठीची आवृत्ती तिने एकटीने उभी केली होती, आणि खरं तर केली होती बाबांसाठी. बाबा नाटकांना संगीत देत. हात थरथरायला लागले, व्हायोलिन सुटलं, आणि हा बडबड्या माणूस खिडकीत बसून नुसता रस्ता बघायला लागला. मग तिने त्यांच्या जुन्या परक्या मशीनवर हे सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. एका बोटाने एकेक सूर मांडत बाबा पुन्हा माणसात आले. आता ते जुनं मशीन एकदा बंद पडलं की बाबांचं संगीतही बंद पडलं. या वयात नवं मशीन शिकणं त्यांच्याने होणार नव्हतं.

मीटिंगमध्ये ती भांड भांड भांडली होती. पण भिंतीवरच्या त्या भल्यामोठ्या स्क्रीनपुढे कुणाचं काय चालणार? जगात कुठेही हे सॉफ्टवेअर उघडलं की तिथे नोंद व्हायची. आपल्यांची हिरवी रेष पार वर. परक्यांची निळी तळाशी आडवी पडलेली. ज्याला सगळे आकडेशास्त्री म्हणत, त्या सहकाऱ्याने तिला विचारलं होतं, "तुझे बाबा सोडले तर वापरतं कोण?" सगळे खो खो हसले. तिला राग आला, रडूही आलं.

निरोप गेला आणि थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. बाबा! सकाळपासून त्यांना सांगायचं धाडसच झालं नव्हतं.

"अगं, आमच्या बासरीवाल्याने आत्ता फोनवर वाचून दाखवलं. तुमचं ते बंद होतंय म्हणे. खरं का?"

"हो, बाबा."

पलीकडे काहीतरी खरखरलं.

"कसला आवाज येतोय?"

"स्टूल ओढतोय. कपाटावरून काढायचंय."

"चढू नका हं बाबा, पडाल! मी संध्याकाळी येते ना!"

"तेवढा वेळ कुठे आहे?" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

कपाटावर व्हायोलिन होतं. तिनेच ठेवलं होतं, त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. त्या थरथरत्या हातांनी आता ते पेटी उघडणार, गज धरणार, आणि तो धरला जाणार नाही. तिला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. तिने टेबलावर डोकं टेकलं.

"अरे, हे काय?" आकडेशास्त्री ओरडला.

निळी रेष उठली होती. आधी जरा मान वर केल्यासारखी, मग चढायलाच लागली. "मोजणी बिघडली," तो म्हणाला आणि त्याने स्क्रीन बंद करून पुन्हा चालू केला. रेष आणखी वर! जो तो आपलं काम टाकून भिंतीपाशी आला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळीने हिरवीला गाठलं आणि मागे टाकलं. मॅनेजरबाईंचा कप हातातच कलंडला, कॉफी बुटांवर सांडली, तरी त्यांना पत्ता नाही.

"ही माणसं आहेत कोण?" त्या म्हणाल्या. "आणि इतके दिवस होती कुठे?"

तिने बाबांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तिने स्पीकर चालू केला.

"बाबा, व्हायोलिन काढलंत?"

"व्हायोलिन कसलं? वायर काढली, इंटरनेटची! ती लावल्याशिवाय तुमची शेवटची आवृत्ती उतरणार कशी? मागे ऐन कामात अपडेट आलं आणि अख्ख्या नाटकाचं संगीत उडालं, तेव्हा तूच नाही का वायर काढून कपाटावर टाकलीस? म्हणालीस, कामाच्या मशीनला नेट लावायचंच नाही."

तिने कपाळावर हात मारला. एवढी हुशार बाई, पण एवढं साधं डोक्यात येऊ नये? नेट नाही, म्हणजे नोंदही नाही. बाबा रोज मशीनवर बसत होते आणि त्या निळ्या रेषेत तेसुद्धा नव्हते.

"आणि... बाकीचे, बाबा?"

"तेही लावतायत की! वायर काढायला मीच सांगितलं होतं सगळ्यांना. म्हटलं, आमची मुलगी तिथेच असते, तिचा सल्ला आहे. त्यांनी पुढे आपापल्या माणसांना सांगितलं. परदेशातल्या सिनेमावाल्यांपर्यंत पोचलंय ते, आहेस कुठे!"

आकडेशास्त्री भिंतीला टेकून उभा राहिला. मॅनेजरबाईंनी नवा निरोप लिहायला कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

"काय गं, ऐकतेस ना?" बाबा म्हणाले. "पुढचं सांग. वायर ठेवायची की काढायची? तू म्हणशील तसं सगळ्यांना कळवतो."