वाटून टाकलेलं

दहावीतल्या मुलीची लाडकी रॅकेट समुपदेशक बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटली. “ही तिने सरांना देऊन टाकली.” क्रीडाशिक्षक ओशाळले. “वाटलं, अभ्यासासाठी खेळ सोडला असेल.” शाळेचे डॉक्टर पुटपुटले, “झोप लागत नाही म्हणाली. व्हिटॅमिनं दिली.” आईला हुंदका आवरेना. “रंगपेटीला कुणाला हात लावू द्यायची नाही, तीच धाकटीला दिली. समजूतदार झाली म्हणून कौतुक केलं!” बाईंचा पारा चढला. “जगणं नकोसं झालेली पोर जिवापाड जपलेल्या वस्तू वाटत सुटलीय, आणि आपण आपापल्यापुरतं बघून मोकळे! एकमेकांशी बोलायला काय झालं होतं?” मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. “परीक्षा तोंडावर आहे. ती होऊ द्या, मग बसू.” बाईंनी त्यांच्या मागच्या भिंतीवरचं, त्या मुलीनेच परवा त्यांना दिलेलं पदक ओढून रॅकेटवर ठेवलं. “मग नाही, आत्ता! उठा सगळे. ती अजून वर्गात आहे.”