तिरक्या डोळ्याचं पोस्टर

थिएटरच्या मालकीण शालनताई मगदूमांच्या पत्राला जुने पोस्टर-चित्रकार वामनराव दिघ्यांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. "हातानं रंगवलेलं एक पोस्टर द्याल का? नाहीतर पाडव्याला थिएटर बंद करते," एवढंच त्यात होतं. थरथरत्या हाताला आता जमणार नाही, या धास्तीने त्यांनी ते पत्र पुस्तकात दडवलं. शेवटी न कळवताच पोस्टर रंगवलं, पहाटे थिएटरच्या भिंतीला टेकवलं आणि समोरच्या टपरीत मान खाली घालून बसले. नायिकेचा डावा डोळा चक्क तिरका झाला होता.

शेजारची डिजिटल पोस्टरं नेहमीसारखी बघणाऱ्याची नजर वाचून बदलत होती. मारामारी आवडणाऱ्याला मारामारी दिसे, प्रेम आवडणाऱ्याला प्रेम. दोघांना एकच चित्र कधी दिसत नसे, म्हणून सिनेमाबद्दल कुणी कुणाशी बोलतही नसे.

भाजीवाली थबकली. "अगं बया, ही तर तिरळी हाय!"

"तुलाबी तिरळीच दिसतीया?" रिक्षावाला ओरडला. "मला वाटलं, माझ्यापुरतीच!"

"तिरळी न्हाई, लबाड हाय," भाजीवाली आता निरखून म्हणाली. "नवऱ्याला फसवणार बघ."

"उगाच काय! डोळ्यात पाणी हाय तिच्या."

"चल की आत, बघूनच ठरवू."

भांडण ऐकून माणसं जमली, आणि सगळ्यांची बोटं एकाच डोळ्याकडे वळली. दुपारच्या खेळाला शालनताईंना हाऊसफुल्लची पाटी माळ्यावरून शोधून काढावी लागली.

वामनरावांनी टपरीतच कार्ड लिहिलं : "आपलं पत्र पोहोचलं. हो. पुढच्या शुक्रवारचंही मीच काढतो. डोळा चुकून तिरका झाला, पण आता तसाच राहू द्या."

आणि ताठ मानेने जाऊन ते त्यांनी टपालपेटीत टाकलं.