भरल्या हातानं

“आई, आण्णा कुठं हायती गं?”

अंबूबाईचे कान ठणठणीत होते. तरी जयराजनं आवाज चढवला, तो समोर बसलेल्या वकिलांसाठी. म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला कोर्टानं त्यांना पलूसजवळच्या या घरी पाठवलं होतं. डोकं गेलं असेल तर जयराज तिचा पालक होणार, आणि तिच्या नावच्या मळ्यावर त्याची सही चालणार. शाबूत असेल तर तिची लेक दीपमाला तिला आपल्या घरी खंडाळ्याला नेणार. मग मळा कुणाच्या नावावर होईल हे शेंबडं पोरही सांगेल.

“मालक व्हय? लाईट हाय तवर उसाला पाणी धरत्यात. येतील की आता.” म्हातारी वकिलांकडं बघून हसली. “तुमी बसा. च्या घेऊन जावा.”

“बघा साहेब,” म्हणत जयराज आईकडं वळला. “अगं आई, आण्णा वारलं. चार वर्षं झाली.”

म्हातारीला आधी कळलंच नाही. मग तिनं असा हंबरडा फोडला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. कपाळाचं कुंकू तळव्यानं पुसलं. दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. हिरव्या काचा पार अंगणात उडाल्या.

“मला का सांगितलं न्हाई रं? एकडाव तोंड तरी बघू द्यायचं!”

तोंड तिनं बघितलं होतं. शेवटचं पाणीही तिनंच पाजलं होतं.

जयराजची बायको शिवांजली खराटा घेऊनच बाहेर आली. तिनं काचा गोळा केल्या, सासूच्या मनगटाला हळद दाबली, कपाटातून बांगड्या आणून हात भरला, कुंकू लावलं. हात मोकळा दिसला की म्हातारी दिवसभर रडायची, म्हणून बांगड्या घरात असायच्याच. अंबूबाईनं हात हलवून किणकिण ऐकली. डोळे पुसले.

“शिवांजली, मालकांचा च्या झाकून ठेव गं. दमून येत्यात.”

बाजारात बैलाचे दात दाखवून झाल्यावर बघतात, तसं जयराजनं वकिलांकडं बघितलं. “झालं?”

“काय झालं?” दीपमाला फणकारली. “दादा खेकसतो म्हणून ती बिचकती. मी सांगितलेलं तिच्या ध्यानात राहतं. साहेब, मी सांगते.”

“ताई, राहू द्या. माझं बघून झालंय.”

“एकाच बाजूचं लिहून नेणार व्हय तुमी?”

वकील उठत होते, ते परत बसले.

“वन्सं, आत्ताच भरल्यात हो,” शिवांजली म्हणाली. “हात कापलाय त्यांचा.”

“वैनी, तुमी मधी पडू नगा.”

दीपमालानं आईला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला. काय ती माया! लेक असावी तर अशी. “आई, माझ्याकडं बघ. नीट ध्यानात धर हां. आपलं आण्णा गेलं. आता सांग बघू, आण्णा कुठं हायती?”

पुन्हा तोच हंबरडा. पुन्हा उंबरा. दीपमाला तिचे हात धरायला बघत होती, पण म्हातारीच्या अंगात बळ कुठून आलं होतं देव जाणे.

“रडू नगं गं! आधी साहेबांना सांग!”

“मला का सांगितलं न्हाई? एकडाव तोंड तरी बघू द्यायचं!”

कपाटातल्या बांगड्या संपल्या होत्या. शिवांजलीनं साबणाचा हात लावून स्वतःच्या काढल्या आणि सासूला घातल्या. थोड्या वेळानं अंबूबाईचं लक्ष वकिलांकडं गेलं. “तुमी कवा आलासा? बसा, मालक येतील आता.”

जयराज हसला. खरोखर हसला, लाज कुठली!

वकिलांनी चहा घेतला नाही. चपला घालताना, कुणाच्याच तोंडाकडं न बघता ते म्हणाले, “पुढच्या तारखेला आईंना सांगलीला आणा. जजसाहेब स्वतः विचारणार आहेत.”

“बघूच की तवा,” दीपमाला म्हणाली.

जयराजनं बायकोला हाक मारली. “दोन डझन बांगड्या आणून ठेव. तारखेला लागतील.”

शिवांजली उंबऱ्यातल्या काचा वेचत होती. अंबूबाईनं तिचा हात धरला, उलटासुलटा करून बघितला आणि घाबरली.

“अगं पोरी, तुझं हात असं मोकळं? कोण गेलं गं?”

शिवांजलीनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

“जाऊ द्या आत्याबाई,” ती म्हणाली. “सांगितलं तरी तुमच्या ध्यानात न्हाई राहायचं.”