जयरामाची खरखर

पंखा बंद करून झाला. ट्यूबलाइट झाली. फ्रिजची पिनही काढली. रेडिओ खरखरतच होता, आत कोणी पापड तळत बसल्यासारखा.

“आता मलाच बंद करा,” बायको रुक्मिणी म्हणाली.

जयराम ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. परवा रेडिओवाल्यांचं कार्ड आलं होतं : आपलं पत्र शनिवारी संध्याकाळी साडेपाचला वाचण्यात येईल. सहा वर्षं तो दर आठवड्याला पत्र धाडत होता. रस्ता, बस, तळं, भाषा, घटकराज्य. तावातावानं लिहायचं, पेटीत टाकायचं आणि विसरायचं. आजवर एकही वाचलं गेलं नव्हतं. सगळं मये गाव त्याला ‘पोस्टाचा जावई’ म्हणे. आज यातलं कुठलं पत्र, ते कार्डावर नव्हतं. त्याला फिकीरही नव्हती. वाडीसमोर एकदा नाव आलं की झालं.

त्यानं एरियलची तार विजेच्या खांबाजवळून सोडवून मागच्या माडावर चढवली. अर्थिंगची तार ओल्या मातीत पुरली. रेडिओ सेलवरचा, म्हणून शेवटी घराचा मेन स्विचच पाडला. खरखर तसूभर हटली नाही.

“म्हणजे बाहेरची!” दात खात तो रेडिओ छातीशी धरून वाडीत निघाला.

गोकुळदासच्या गिरणीपाशी रेडिओ भूत लागल्यासारखा ओरडला.

“गोकुळदासबाब, अर्धा तास गिरण बंद ठेवा.”

“आणि ह्यां दळण काय तुझो रेडिओ दळतलो?” गोकुळदास खेकसला. पण गिरण थांबवली.

शेजारच्या भाग्यलक्ष्मीवहिनीनं वाटणाचा मिक्सर बंद केला. “वाटते रगड्यार. हात मोडलो तर तां पण पत्रात लिही.”

शंभू शिंप्यानं मशीनची मोटर थांबवली. “जावयाचा मान ठेवायलाच हवा!”

तरी बारीक चरचर उरलीच. मग वायरमन पांडुरंगाच्या विनवण्या. शेवटी ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन त्यानं अख्ख्या वाडीची वीज पाडली. “वीसच मिनिटं रे. साहेबाला कळलं तर माझी नोकरी जाईल.”

साडेपाच वाजले. रेडिओ इतका स्वच्छ, की निवेदिकेनं कागद उलटलेलाही ऐकू आला. कामं ठप्प, म्हणून सगळी वाडी जयरामाच्या अंगणात येऊन बसली. गोकुळदास पिठाच्या अंगानं सर्वांत पुढे.

“मये, डिचोलीहून जयराम लिहितात...”

“नाव आलं गो!” रुक्मिणी किंचाळली. वहिनीनं टाळ्या पिटल्या. पांडुरंगानं जयरामाच्या पाठीवर थाप मारली.

“गप रवा!” गोकुळदासनं दटावलं. “एक अक्षर सुटता नये.”

निवेदिका ठणठणीत आवाजात वाचू लागली, “‘माझ्या रेडिओत भयंकर खरखर येते. पण शेजाऱ्यासाठी एक बटण बंद करील असा माणूस आमच्या वाडीत जन्मलेला नाही. एकेक नग नावानिशी कळवतो. पहिला, गोकुळदास गिरणवाला...’”