दूरची मावशी

वर्गाचा ब्लॉग सुरू झाला तेव्हा पोरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पण बाई, वाचणार कोण?" म्हणून बाईंनीच 'दूरची मावशी' जन्माला घातली. प्रतिक्रियेखाली नाव कुठलंही टाकता यायचं. घरी आपल्या तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन, एका हाताने टाइप करत, बाई त्या मावशीच्या नावाने प्रत्येकाला दोन ओळी लिहायच्या. पोरंही मावशीसाठी जीव ओतून लिहायला लागली.

मग बाळ तापाने फणफणलं. आठवडाभर बाईंना ना शाळा, ना झोप. ब्लॉगचं तर नावच नको. परत आल्या त्या मनाशी ठरवूनच, की आज खरं काय ते सांगून टाकायचं. एक ओझं तरी उतरेल.

"मुलांनो, त्या मावशींबद्दल जरा बोलायचंय..."

"येऊन गेल्या की, बाई!" वर्ग ओरडला. "माझ्या मांजराची चौकशी केली!"

"मला म्हणाल्या, थापा कमी मार!"

बाईंनी ब्लॉग उघडला. खरंच, प्रत्येकाच्या लेखाखाली मावशीच्या दोन ओळी होत्या. एकच लेख तेवढा कोरा राहिला होता. खिडकीजवळच्या, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीचा.

बाईंनी मान वर केली. मुलगी घाईघाईने पुस्तकात बघायला लागली.

बाई खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी तिच्या लेखाखाली मावशीच्या नावाने लिहिलं, "तुला लिहायला उशीर झाला गं. फार दमले होते. सांभाळून घेतलंस."