जाळीची शेवटची गाठ

ऑफिसच्या पायऱ्यांवरची कबुतरांची घाण मावशी बारा वर्षं रोज पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होत्या, आणि खरवडताना पाखरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. त्यांच्या खोकल्यापुढे डॉक्टरांनीही हात टेकले होते. म्हणूनच जाळीवाल्याने छज्ज्याखाली जाळी ताणून शेवटची गाठ मारली, तेव्हा त्याला वाटलं, आता मावशी हसतील. पण त्या म्हणाल्या, "लंगडी आत राहिली." "कोण लंगडी?" "ऑफिसच्या पाटीमागे झोपते ती. उपाशी मरेल, गाठ सोड." शिडी चढून त्याने गाठ सोडली. पाटीमागून खरंच एक कबुतर फडफडत बाहेर पडलं. "तुमच्यामुळे पाप टळलं, मावशी," तो म्हणाला आणि पुन्हा गाठ मारली. दुसऱ्या दिवशी तो शिडी न्यायला आला, तर मावशी स्वच्छ पायरीवर निवांत टेकलेल्या. त्या जरा सरकल्या. "बस रे. बारा वर्षं पायरी घासली, बसले आजच."